शेवट कळला, कारण राहिलं

वाचनालयातून जी. ए. कुलकर्णींचं 'पिंगळावेळ' आणलं. 'ऑर्फियस' ही कथा उघडली, तर पहिल्याच पानाच्या समासात कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलेलं: 'शेवटी वळून बघतो.' खाली दोन रेघा. अक्षरांपेक्षा त्या रेघांचाच मला जास्त राग आला.

शेवट फुटला म्हणून राग नाही. ऑर्फियस मागं वळतो आणि युरिडिसीला कायमचं गमावतो, हे जगाला दोन हजार वर्षांपासून ठाऊक आहे. 1923 साली आपल्या बेळगाव जिल्ह्यात जन्मलेल्या जी.एं.नी ठाऊक असलेलीच गोष्ट मुद्दाम हाती घेतली. मागं बघायचं नाही, एवढी एकच अट असताना माणूस का वळतो, यात सगळी कथा आहे. पेन्सिलवाल्यानं नेमकं तेच सोडलं आणि उरलेल्याखाली रेघा मारल्या.

एकीनंतर दुसरी घटना घडणं वेगळं आणि एकीमुळे दुसरी घडणं वेगळं, हे ॲरिस्टॉटल सांगून गेला. इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टरनं 1927 साली तेच राजाराणीच्या उदाहरणानं सांगितलं: राजा मेला, मग राणी मेली, ही नुसती गोष्ट; राजा मेला आणि त्या दुःखानं राणी मेली, हे कथानक.

बेळगावच्या उद्यमबागेत मी लेथवर काम करतो. शेजारच्या मशीनवरचा मित्र चहाच्या सुट्टीत सिनेमा सांगतो. "मग ती गेली. मग तो आला. मग मारला की त्याला!"

"का मारला?"

"का म्हणजे? शेवट आहे की तो."

दहा मिनिटांची सुट्टी. त्यात रोज वीसेक 'मग' ऐकायचे आणि एकही 'म्हणून' नाही. चहा निवून जातो.

याच माणसाला परवा एक जॉब रिजेक्ट झाल्याचं सांगताना ऐकलं. फेसिंग झालं, ड्रिल झालं, बोअरिंगचा शेवटचा कट राहिला होता. तासभराचं काम. टूल पुढं सरकलं आणि आतल्या भिंतीवर हरभऱ्याएवढा खड्डा उघडा पडला. ब्लो होल. वरून कास्टिंग गुळगुळीत, कुणाला शंका नाही. फाउंड्रीत साच्यातला वाळूचा कोअर नीट वाळलेला नव्हता, धातू ओतल्यावर कोअरमधल्या ओलीची वाफ झाली आणि आतच अडकून बसली. चार दिवसांपूर्वीची ओल आज टूलखाली आली. तो हे सांगत होता तेव्हा हेल्परसुद्धा कप हातात धरून उभा होता. "कोअर ओला होता" हे वाक्य त्यानं अगदी शेवटी टाकलं आणि सगळे एकदम "हां!" म्हणाले.

म्हणजे येतं त्याला. मग सिनेमाचंच काय घोडं मारलंय?

काल मी त्याला तेवढंच म्हणालो, "त्या ब्लो होलसारखा सांग की."

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "थांब. त्याच्या बापापासनं सांगायला पाहिजे."

तेवढ्यात भोंगा झाला.