मोसंबी निवांत, माळी बेचैन

मावा, भुरी, तुडतुडे यांची नावं औषधाच्या दुकानातल्या तक्त्यावर चित्रांसकट लावलेली असतात. पण थंडीतल्या बागेचं या सगळ्यांपेक्षा जास्त नुकसान करणारा एक प्राणी त्या तक्त्यावर नसतो. तो कानटोपी घालतो, कोवळ्या उन्हात हातात कात्री घेऊन गच्चीवर फिरतो आणि आपण नसतो तर ही झाडं केव्हाच मेली असती, असं त्याला मनापासून वाटतं. जुन्या जालन्यात या जातीचे नमुने पुष्कळ आहेत; त्यातला एक हा लेख लिहितो आहे. माझं म्हणणं एवढंच की पौषात बागेतलं सगळ्यात मोठं काम म्हणजे हात आवरणं, आणि ते काम कात्री चालवण्यापेक्षा कितीतरी अवघड आहे. अवघड अशासाठी की ते कुणाला दिसत नाही. छाटलेल्या फांद्यांचा ढीग शेजाऱ्याला दाखवता येतो. न छाटलेल्या फांद्या दाखवायच्या कशा?

पुरावा शोधायला लांब जायला नको. अंबडच्या रस्त्याला लागा नाहीतर बदनापूरच्या, डिसेंबरात मोसंबीच्या बागा पाणी तोडून उभ्या असतात. जालन्याच्या मोसंबीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्या मोसंबीचा आंबे बहार धरायची रीत त्याच्या कितीतरी आधीची, आणि त्या रीतीचा गाभा म्हणजे ताण. तोडणी उरकली की पाणी बंद. हलक्या जमिनीत महिनाभर, काळ्या भारी जमिनीत दीड-दोन महिने. थंडीनं वाढ आधीच मंदावलेली, त्यात मुळांना ओल नाही. मग नवी पालवी फुटायची थांबते, पानांनी केलेलं अन्न खर्च न होता काडीत साठतं आणि पुढं त्याच साठ्यावर झाड फुलतं. पानं पिवळट होऊन पाव हिश्श्याच्या आसपास गळाली की ताण बसला म्हणायचं. मग चाळणी, आळी, शेणखत, आणि त्यानंतरही एकदम पाट फोडायचा नाही. पहिलं पाणी आंबवणीचं, हलकं; काही दिवस जाऊ देऊन चिंबवणीचं; मग कुठं पोटभर. ताणाच्या दिवसांत कुणी कनवाळूपणानं पाणी सोडलं की झाड फुलायचं विसरतं आणि पानं काढत बसतं. पौषात अवकाळी पाऊस आला तर काही बागायतदार सायकोसिलची फवारणी करतात, म्हणजे झाडानं वाढू नये यासाठी पदरचे पैसे मोजून औषध मारतात. हे औषध माणसावर मारायची सोय अजून निघालेली नाही. नाहीतर रविवारी सकाळी नऊच्या सुमारास गच्च्यांवरून एक फवारणी पुरली असती.

मोसंबीचं जे, तेच थोड्याफार फरकानं आंब्याचं. मोहोर धरायच्या दिवसांत मुळाशी पाणी साचवलं की मोहोराऐवजी तांबूस कोवळी पालवी येते. ती दिसते मात्र इतकी सुरेख, की पाणी घालणाऱ्याला आपलंच कौतुक वाटतं. मोगराही त्यातलाच. हिवाळ्यात त्याचं पाणी कमी करायचं, छाटून काही दिवस अगदी ओकाबोका ठेवायचा, तर उन्हाळ्यात घमघमतो. ज्याला त्याची काडी उघडी बघवत नाही त्याला वर्षभर हिरवागार आणि बिनफुलाचा मोगरा मिळतो. गुलाबाची गोष्ट याच्या उलट, पण धडा तोच. इंग्रजी बागकामाच्या पुस्तकांत आणि मोबाइलवरच्या व्हिडिओंत सरत्या हिवाळ्यात गुलाब छाटा, कुंड्या गोणपाटात गुंडाळा, झाडांवरचं बर्फ झटका अशी कामं दिलेली असतात. बर्फ झटकायची वेळ आपल्यावर येत नाही हे एक बरं. पण छाटा म्हटलं की छाटणारे आहेतच. तिकडं झाड थंडीनं झोपलेलं असतं. आपल्याकडं पहाटे पारा दहा-बाराला टेकतो आणि दुपारी तोच तिशीच्या आसपास जातो, गुलाब पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात छाटतात आणि जानेवारीत तो ऐन भरात असतो. त्या वेळी कात्री लावणं म्हणजे स्वतःच्या हातानं पंगत उठवणं.

इथं भेंडीबद्दल बोलायलाच हवं. लेखाचा विषय भेंडी नाही हे मला कळतं, पण बियाण्याच्या गावात बसून बागेवर लिहायचं आणि बियाण्याचं नाव काढायचं नाही, हे मला जमणारं नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये जालन्यात महिको ही बियाण्याची कंपनी काढली, 1998 मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं, आणि या सगळ्याच्या मुळाशी कापूस नाही, गहू नाही, चक्क भेंडी आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत तयार झालेली, त्या काळी केवडा रोगाला दाद न देणारी पुसा सावनी त्यांनी इथं लावली आणि बियाण्याच्या धंद्याला तिथून सुरुवात झाली. ज्या भाजीकडं घराघरातली पोरं नाक मुरडून बघतात, तिच्या बोटाला धरून गाव मोठं झालं. भेंडीचं फूल नीट बघितलंय का कधी? फिकट पिवळं, आत बुडाशी गर्द जांभळं, सकाळी उमलतं आणि संध्याकाळपर्यंत मिटून जातं. म्हणजे त्याच्याकडं कामाला एकच सकाळ. संकरित बी करायचं तर उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी ओळखावी लागते, ती हलकेच फाडून मधल्या दांडीवरचा पुंकेसर नखानं खरवडून काढायचा, आतल्या स्त्रीकेसराला धक्का लागू द्यायचा नाही, कळीवर कागदाची टोपी चढवायची, आणि सकाळी टोपी काढून दुसऱ्या वाणाच्या फुलाचे पराग तिला लावायचे. याला शेतात क्रॉसिंग म्हणतात आणि ते बहुतेक बायकाच करतात. बारीक काम, वाकलेली पाठ, हजारो कळ्या, आणि पाकिटावर नाव कंपनीचं. वर्षातून एकदा कुंडीत मिरचीचं रोप लावून त्याचा फोटो चारचौघांना पाठवणाऱ्या माझ्यासारख्या कलावंतानं ही बोटं एकदा बघावीत आणि फोटो पुसून टाकावा. तर सांगायचं ते हे, की गावाचं नशीब उजळवणारी ही भेंडी पौषात कुणी टोकत नाही. गार मातीत तिचं बी फुगून पडून राहतं, उगवण रेंगाळते, बरंचसं कुजतं. उन्हाळी भेंडी संक्रांतीच्या पुढंच. बियाण्यावर जगणारं गाव जर भेंडीसाठी उन्हाची वाट बघतं, तर मग गच्चीवरच्या माणसाला एवढी घाई कसली?

यावर पहिला आक्षेप ठरलेला: हे आळशी माणसाचं तत्त्वज्ञान आहे. आक्षेप घेणाऱ्यानं मला ओळखून घेतला असेल तर तो बराचसा खरा आहे, पण ताणाबद्दल तो चुकीचा आहे. आळशी माणूस पाणी घालायचं विसरतो. ताण देणारा रोज बागेत जातो, पान मुठीत धरून बघतो, माती उकरून ओल कुठवर आहे ते बघतो आणि पाणी न घालता परत येतो. दोघांच्या हातून पाणी पडत नाही, एवढंच साम्य. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मोसंबीच्या मुळांना शेतभर माती मिळते, तिचा नियम बारा इंची कुंडीला लावला तर आठवड्यात सरपण होईल. कबूल. कुंडीला महिन्याचा ताण नाही, पण दोन पाण्यांमधलं अंतर थंडीत वाढवायला हवं. वरची माती बोटभर सुकलेली दिसेपर्यंत थांबायचं. गारठ्यात माती लवकर सुकत नाही, मुळं मंद असतात, आणि रोज सकाळी तांब्याभर माया ओतली की ती तळाशी साचून कुजते. अडेनियम तर असल्या मायेनं बुडख्यात मऊ पडतं, आणि ते वरून कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. तिसरा आक्षेप स्वयंपाकघरातून येतो: मग मेथी, कोथिंबीर, पालक, वाल, गाजर? त्यांचा तर हाच हंगाम. तिथं माझं काही चालत नाही आणि चालूही नये. पाहुणी पिकं आहेत ती, दोन-तीन महिने राहून जाणार, त्यांना वेळच्या वेळी पाणी हवंच. मात्र पंचांगानंही या दिवसांत काय सांगितलंय ते बघा. पौषात शाकंभरीचं नवरात्र आहे, भोगीला वांगी, गाजर, सोलाणे, वालाच्या शेंगा, बोरं यांची एकत्र भाजी आहे. भाजीच्या नावानं सण घातला तो तिच्या लागवडीला नाही, खायला.

या सगळ्या शहाणपणाला एक भोक आहे, आणि तिथं मला माझ्याच युक्तिवादाचा राग येतो. ताण द्यायला पाणी लागतं. विहिरीत, शेततळ्यात पाणी आहे आणि ठरल्या दिवशी ते सोडता येणार आहे, ही खात्री असेल तरच महिनाभर तोंड फिरवून बसता येतं. 2012 च्या हिवाळ्यात या जिल्ह्यातल्या मोसंबीला ताण कुणी दिला नव्हता, तो पावसानं बसवला होता, आणि तो तोडायला आंबवणीपुरतंही पाणी नव्हतं. फळाची आशा केव्हाच सुटली होती. झाड तरी वाचावं म्हणून लोकांनी टँकर विकत घेतले, पुढं तेही परवडेना, आणि वर्षानुवर्षं वाढवलेल्या बागा वाळून गेल्यावर त्यांना कुऱ्हाड लागली. मोसंबी लावल्यावर पहिलं चांगलं पीक हाती यायला पाच-सहा वर्षं जातात. म्हणजे बाग तोडणारा माणूस एक साल नाही, आयुष्यातला एक तुकडा तोडत असतो. याच जिल्ह्यातल्या ज्या कडवंची गावात पाणलोटाचं काम नेटानं झालं होतं, शेततळी होती, तिथली द्राक्षं त्याही वर्षी तगली, म्हणजे उपाय माहीत नव्हता असंही नाही. हे डोळ्यांसमोर असताना, ज्या गावात नळ कधी येईल हे पंचांगालाही सांगता येत नाही तिथं, तो आला म्हणून टाकी भरून वाहेपर्यंत गच्चीवरच्या क्रोटनला पाइपनं आंघोळ घालणारा माणूस मला सहन होत नाही. तो मी असलो तर जास्तच.

तरीही सुट्टीच्या सकाळी हात शिवशिवणारच, आणि काहीतरी केल्याचं दिसायलाही हवं. अशांसाठी शास्त्रानं मोकळी ठेवलेली एक वाट आहे. अंगणात लिंबू किंवा मोसंबी असेल तर त्याची सल काढावी, म्हणजे वाळलेल्या काड्या जिवंत लाकडापर्यंत कापाव्यात, बुडातून सरळसोट वर जाणारे पानसोट काढावेत. मग एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना प्लास्टिकच्या बादल्यांत वेगवेगळे भिजवून, दोन्ही मिळून दहा लिटर पाण्यात बोर्डो पेस्ट करावी. लोखंडी सुरी त्यात बुडवून बघावी. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, अजून घालावा. ही पेस्ट कापलेल्या जागांना आणि खोडाला जमिनीपासून दोन-तीन फूट लावली की डिंक्या रोग आटोक्यात राहतो. झाडाला पाण्याचा थेंब जात नाही, ताण मोडत नाही, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला निळसर खोड लांबून दिसतं. मिश्रण त्याच दिवशी संपवायचं असतं, उद्यासाठी ठेवता येत नाही. तेव्हा उरलंच तर शेजाऱ्याच्या लिंबालाही लावावं. शेजारी गावाला गेलेला असला तर जास्त बरं.