ऐंशीची शिटी

पेण सोडलं, काटा ऐंशीला टेकला आणि डाव्या पुढच्या काचेतून शिटी सुरू झाली. पन्नासवर आलो की गप्प. मामांचं निदान तयार होतं, "बेअरिंग गेलं." मामा एसटीत होते, हिशेब खात्यात, पण एसटीत. हिने उपाय म्हणून मागची काच उतरवली. शिटी बुडाली, पण भुप-भुप-भुप असे ठोके कानांवर बसू लागले. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती घुमते, तशी एकच मागची काच उघडली की गाडी घुमते. दुसरी बोटभर उघडली की थांबते. थांबली. मग शिटी पुन्हा ऐकू आली.

अलिबागनंतर खरी पंचाईत झाली. अक्षी, नागाव, चौल. दोन्हीकडे नारळी-पोफळीच्या वाड्या, मधून चिंचोळा रस्ता आणि समोरून लाल एसटी. ऐंशी सोडाच, तिथे चाळीस गाठणं हीही चैन. दुखणं घेऊन आलो ते नेमकं अशा गावात, जिथे ते उमटतच नाही! गॅरेजवाल्या दादांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "इथे नाय वाजायची."

१४६९ च्या सुमारास अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी याच चौल बंदरात उतरला, तो विकायला घोडा घेऊन. शहाणा माणूस. घोडा खिंकाळला तर निदान कुठून खिंकाळतोय ते तरी कळतं.

दादा मात्र शिस्तीत निघाले. खड्ड्यात काच खडखडते? नाही, मग आतलं मशीन ढिलं नाही. वर-खाली करताना करकरते? थोडी, मग खाचेत वाळू असणार. शिटी फक्त वेगातच? मग वारा रबरातून शिरतोय. त्यांनी दहाची नोट दारात धरून दार लावलं आणि ओढली. मागे घट्ट, वर घट्ट. आरशाजवळच्या कोपऱ्यात मात्र नोट अलगद बाहेर आली. मामा तरी बेअरिंगवर ठाम. तेव्हा दादांनी त्यांनाच आत बसवलं, वाडीच्या पंपाचा पाइप ओढून आणला आणि दाराच्या कडेने खालून वर पाणी सोडत नेलं. धार कोपऱ्यावर पोचली आणि आतून मामांनी निदान मोठ्याने मान्य केलं.

रबर खाचेतून निसटलं होतं. दादांनी वाळू पुसून काढली, रबर दाबून बसवलं, सिलिकॉनचा फवारा मारला. मामांनी खोबरेल सुचवलं होतं. "तेलाला वाळू चिकटते," दादा म्हणाले.

गाडी वाळेपर्यंत रामेश्वराला गेलो. देवळापुढे मोठी पुष्करणी, आत पर्जन्य, अग्नी आणि वायू अशी तीन कुंडं. अवर्षणात पर्जन्यकुंड उघडायची इथे प्रथा. ओले मामा वायुकुंडापाशी बराच वेळ रेंगाळले. म्हणाले, "हे नीट बंद आहे ना?"

परतल्यावर त्यांनी दादांना गॅरंटी विचारली.

"वडखळ सोडून ऐंशीला न्या, कळेल."

आमचा मुक्काम सोमवारपर्यंत होता. मामांनी प्रस्ताव मांडला : निम्मे पैसे आत्ता, निम्मे वडखळला.