तोळा-मासा मसाला

लांजीत सोनाराकडे लोक सोनं मोडायला जातात. आमचे मामाजी हिंग मोजायला जातात. आषाढ उतरणीला लागला की ते काट्यापुढे मांडी घालून बसतात आणि खिशातून एकेक पुडी काढतात. सोनार बिचारा मुकाट्याने वजनं लावत जातो. त्याची अट एकच: मिरची सगळ्यात शेवटी, आणि ती मोजून झाली की काटा मामाजींनी स्वतः पुसून द्यायचा.

निमित्त नागद्वारच्या यात्रेचं. लांजी मध्य प्रदेशात असली तरी आमची सोयरीक गोंदिया-भंडाऱ्याकडची, आगगाडी आमगावची आणि महादेव पचमढीचा. नागपंचमीच्या आधीच्या दिवसांत सातपुडा व्याघ्र प्रकल्पातली ती पायवाट यात्रेकरूंसाठी उघडते आणि अर्धा विदर्भ पाठीवर बोचकं टाकून दऱ्या उतरू लागतो. बालाघाट, सिवनी, छिंदवाडा, मटकुली करत आमचाही जत्था पोचतो. पुढे काजळी, पद्मशेष, लोखंडी शिड्या, पायाखाली चिखल आणि डोक्यावर श्रावण. अशा वाटेवर पाठीवरचा प्रत्येक छटाक बोलतो, हे मामाजींचं म्हणणं खोटं नाही. तक्रार एवढीच, की तो छटाक त्यांना फक्त मसाल्यात ऐकू येतो. तांदूळ, डाळ आणि भलामोठा गंज भाच्याच्या पाठीवर असतो, आणि तो गंज आजवर कोणी सोनाराच्या काट्यावर ठेवलेला नाही.

त्यांच्या आजोबांच्या काळी हा प्रश्नच नव्हता. तिखटमीठ एकत्र कालवायचं, फडक्यात पुरचुंडी बांधायची आणि निघायचं. मामाजींना हे रानटी वाटतं. "एका जागी ओल लागली का सारंच गेलं गा," असं ते आजोबांच्या फोटोकडे बघत म्हणतात. म्हणून त्यांच्या जवानीत कॅमेऱ्याच्या रोलच्या डब्या आल्या. वजन नाही, झाकण घट्ट. लांजीतल्या फोटोवाल्याकडे लग्नसराईनंतर त्यांची फेरी ठरलेली. पुढे कॅमेरे मोबाइलात गेले. गावात त्याचं दुःख झालेला हा एकटाच माणूस, आणि त्यालाही ते फोटोंसाठी झालं नव्हतं.

मग स्ट्रॉ आली. ही विद्या मामाजींकडून बघण्यासारखी होती. रसवंतीतून आणलेली स्ट्रॉ दोन पेरांएवढी कापायची. एक टोक मेणबत्तीच्या ज्योतीजवळ न्यायचं, वितळायला लागलं की चिमट्याने दाबून धरायचं. दुसऱ्या टोकातून कागदाच्या बारीक नरसाळ्याने हळद भरायची, भिंतीवर दोन टिचक्या मारून ती खाली बसवायची आणि तेही टोक बंद. एका जेवणाला एक नळी. ती फोडली तरी बाकीच्यांना पावसाची हवा लागत नाही. हळद वायगावची, तिखट भिवापूरचं, हा आग्रह चवीपेक्षा हिशेबाचा: माल जोरकस असला की नळी आखूड लागते. पण १ जुलै २०२२ पासून प्लास्टिकच्या स्ट्रॉवर देशभर बंदी आली. मामाजींनी कागदी स्ट्रॉ मेणबत्तीला धरून पाहिली. मामींनी परकराने विझवली.

जोर आणि वजन यांचा हा हिशेब एकदा टोकाला गेला. आसामकडच्या भूत जोलोकियाला २००७ साली गिनीजने जगातली सर्वांत तिखट मिरची ठरवलं होतं, हे त्यांना कुठूनसं कळलं. त्यांनी दोन मिरच्या मागवल्या. अख्ख्या जत्थ्याचं तिखट एका गुंजेत! सोनाराचासुद्धा विश्वास बसेना. पहिल्याच मुक्कामाच्या वरणानंतर मात्र गूळ, साखर, दुसऱ्यांची बिस्किटं, सगळं संपलं, आणि परतताना साऱ्यांनी किलो-किलो गूळ विकत घेऊन पाठीवर वागवला. मामाजींनी तो वजनात धरला नाही. गूळ मसाला नव्हे.

मीठ हे त्यांचं खरं दुखणं. हिंग चिमटीभर पुरतो, जिरं भाजून कुटलं की निम्म्यात भागतं, पण मिठाला कशानेच कमी करता येत नाही. माणशी दिवसाला लागायचं तेवढं लागतंच. वर ते हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणजे पावसात आणखी जड. मामाजी ते तव्यावर भाजतात, तांदळाचे दाणे टाकतात आणि तरी अपमान झाल्यासारखे बघतात. नातीने त्यांना मोबाइलवर अमेरिकेतल्या एमा गेटवुडबाईंची गोष्ट वाचून दाखवली: १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, खांद्यावर हाताने शिवलेली पिशवी टाकून ॲपलेशियन ट्रेल एकटीने पार केली. मामाजींनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तं बाई मीठ कशात नेत होती?"

सध्या ते होमिओपॅथीच्या शिश्यांवर स्थिरावले आहेत. हरभऱ्याच्या घाट्यापेक्षा थोडी मोठी प्लास्टिकची शिशी, आवळ बूच, आणि वर लेबल. लेबलं त्यांनी काढली नाहीत. उलट चौकशी करून शिश्या निवडून आणल्या. 'नेट्रम म्यूर'मध्ये मीठ, कारण ते औषध मिठाचंच असतं. 'ॲसाफिटिडा'त हिंग, 'नक्स मॉस्काटा'त जायफळ, 'कॅप्सिकम'मध्ये अर्थात भिवापुरी. त्या निमित्ताने त्यांनी दवाखान्यातल्या कंपाउंडरकडून पोटन्सीचं गणितही समजून घेतलं. तीस पोटन्सी म्हणजे मूळ द्रव्य शंभरात एक असं तीस वेळा पातळ करायचं. शेवटी शिशीत द्रव्याचा कणही उरत नाही. मामाजी कितीतरी वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हलकं करण्यात हे लोक लई पुढे गेले गा. यायनं मालच काढून टाकला."

गेल्या यात्रेत काजळीला नागपूरकडच्या एका मंडळाच्या भंडाऱ्यात आम्ही ओलेचिंब होऊन टेकलो. वाटेत ठिकठिकाणी अशी मंडळं फुकट जेवू घालतात. एवढा मसाला मोजून नेण्याची मुळात गरज काय, हा प्रश्न मी दरवर्षी गिळतो. पत्रावळीवर वरण आलं. मामाजींनी एक घास घेतला, कपाळाला आठी घातली आणि पिशवीतून शिश्यांची रांग काढून गुडघ्यावर मांडली. शेजारी सर्दीने नाक लाल झालेले एक गृहस्थ बसले होते. त्यांनी लेबलं वाचली आणि हात जोडले.

"डॉक्टरसाहेब, दोन दिवसांपासून घसा धरला आहे."

मामाजींनी नकार दिला नाही. 'कॅप्सिकम' उचलली, थोडा विचार केला आणि त्यांच्या वरणावर दोन टिचक्या मारल्या. गृहस्थांचे डोळे भरून आले, नाक मोकळं झालं, घसा खाकरून त्यांनी चक्क हाक मारून आपल्या बायकोला बोलावलं. मागोमाग त्यांचं अख्खं मंडळ पत्रावळी घेऊन आलं. मामाजी मांडी बदलून बसले.

"जेवणाआधी घ्यायचं का नंतर?" रांगेतल्या एका बाईंनी विचारलं.

"जेवणातच घ्या," मामाजी म्हणाले. "आन् वरण थोडं जास्त घ्या."