मोराचा पिसारा आणि ३०२

रात्री पावणेदहाला बेल वाजली तेव्हा मी मोराच्या मानेपर्यंत आले होते. मोर ब्लाउजच्या पाठीवरचा, ब्लाउज वाशीच्या एका नवरीचा, आणि नवरी रविवारची. मान झाली की पिसारा, पिसारा झाला की झोप, असा माझा बेत होता. दार उघडलं तर खालच्या ३०२मधले काका. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. सोसायट्यांमध्ये वीस वर्षं काढलेल्या बाईला एवढं कळतं, की माणूस बनियनवर आला तर त्याला साखर हवी असते आणि शर्ट घालून आला तर तक्रार असते.

“वहिनी, तुम्ही घरघंटी घेतलीत का?”

“नाही हो. दळण बाहेरूनच आणतो.”

“मग आमचा पंखा का बोलतो?”

“बोलतो म्हणजे?”

“बंद असतो. तरी त्याची ती वरची वाटी टक टक टक करते. थांबते. परत टक टक टक. पाऊण तास झाला, मी खाली पडून ऐकतोय.”

आतल्या खोलीत माझं मशीन दोरा बदलायला थांबलं होतं. त्याचा दिवा शांतपणे लुकलुकत होता. “भरतकामाचं मशीन आहे काका,” मी म्हटलं, “एवढंसं.” काकांनी त्या एवढ्याशाकडे पाहिलं, मग खालच्या फरशीकडे, आणि ‘ही फरशी म्हणजे माझं छत’ हे एक अक्षर न बोलता मला सांगितलं.

आता, आवाजाचं वावडं असलेल्या माणसाने उलव्यात घर घेऊ नये हे माझं जुनं मत आहे. आम्ही राहायला आलो त्याच सुमारास, २०१८च्या नोव्हेंबरात, खारकोपरपर्यंत लोकल सुरू झाली. विमानतळासाठी उलव्याची टेकडी फोडायचं काम चालू होतं. सुरुंग उडाला की आमच्या कपाटातल्या बश्या एकमेकींना काहीतरी सांगायच्या. टेकडी गेली, नदीचं पात्र वळवलं, डंपर गेले आणि आले. १२ जानेवारी २०२४ला अटल सेतूचं आणि उरणपर्यंतच्या लोकलचं एकाच दिवशी उद्घाटन झालं. ८ ऑक्टोबर २०२५ला विमानतळाचं झालं आणि नाताळाला विमानं उडायला लागली. या सगळ्या काळात काका काय करत होते? गॅलरीत उभे राहून मोबाइलवर शूटिंग करत होते. सुरुंगाचे व्हिडिओ त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकले आहेत, ‘आपलं उलवे बदलतंय’ असं खाली लिहून. पण डोंगराला बेल नव्हती. विमानाला तर नाहीच नाही. आमच्या ४०२ला आहे.

हे मला नवीन नव्हतं. माझं माहेर लालबागच्या चाळीतलं. आईचं काळं, सोनेरी वेलबुट्टीचं पायमशीन होतं. ते चालू झालं की चामड्याच्या पट्ट्याचा जोड, म्हणजे ती तारेची कडी, चाकावरून जाताना दर फेऱ्याला ‘टिक’ करायची. शेजारचे मामा गिरणीत साचेखात्यात होते. साचेखातं म्हणजे शेकडो साचे, म्हणजे माग, एकदम धडधडणार. तिथे माणसं ओठांच्या हालचालीवरून बोलणं ओळखायची आणि घरी येऊनही वरच्या पट्टीतच बोलायची. असा माणूस रात्रपाळी करून आला, की आईच्या त्या एका ‘टिक’ने जागा व्हायचा आणि भिंतीवर थाप मारायचा. आईने वाद घातला नाही. मशीनच्या चारही पायांखाली गोणपाटाच्या घड्या सारल्या आणि मामा झोपलेले असेपर्यंत हातशिलाई, हुका, काजं-बटणं एवढंच करायचं ठरवलं. मामांच्या पाळ्यांचं वेळापत्रक त्यांच्या बायकोपेक्षा आईला पाठ होतं.

त्या मशीनबद्दल आई एक गोष्ट अभिमानाने सांगायची, की गांधीजींचा यंत्रांवर राग, पण शिलाई मशीनवर नाही. ती गोष्ट खरी आहे. १९२४ साली त्यांनी यंत्रांमधून सिंगरचं मशीन अपवाद म्हणून वगळलं होतं. हाताने टाके घालून शिणणाऱ्या बायकोवरच्या प्रेमापोटी सिंगरने ते तयार केलं, असं त्यांचं म्हणणं. सिंगरसाहेबांचे प्रत्यक्षातले संसार मोजायचे तर दुसरा लेख लागेल, तेव्हा ते राहू दे. मुद्दा एवढाच, की महात्म्याने माफ केलेलं यंत्र ३०२ माफ करायला तयार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी ग्रुपवर नियम टाकला. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत. त्यात रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा दिली आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. काका पावणेदहाला आले होते, म्हणजे कायद्याने अजून दिवस होता, हे मी टाइप केलं आणि पुसलं. पॅरिसमध्ये थिमोनिए नावाच्या शिंप्याने केलेली मशीन १८३१ साली चवताळलेल्या शिंप्यांनी फोडून टाकली होती. त्या मानाने आपल्याकडे नुसता फॉरवर्ड आला.

मग सल्ले सुरू झाले. ५०१ने भिंतीला अंड्यांचे ट्रे लावायला सांगितलं. पंधरा दिवस आम्ही सकाळ-संध्याकाळ ऑम्लेट खाल्लं. ट्रे लावले. खोली कुक्कुटपालन केंद्रासारखी दिसायला लागली, आणि खोलीतला आवाज जरासा गोल झाला असेल नसेल, पण खाली पंखा बोलतच राहिला. कारण काकांना त्रास हवेतून जाणाऱ्या आवाजाचा नव्हताच. तो टेबलाच्या पायांतून फरशीत आणि फरशीतून पंख्याच्या हुकात उतरत होता. त्यात आमची इमारत विटांची नाही. अॅल्युमिनियमचे साचे लावून भिंती आणि स्लॅब एकत्रच ओतलेले. अशा घराला एकीकडे खाजवलं की दुसरीकडे गुदगुल्या होतात.

सासूबाईंनी गोधडी दिली. चार पदरी, जुन्या इरकलींची, मायेची. मशीन तिच्यावर ठेवलं आणि आवाज खरोखरच गेला. पण मशीन असं डोलायला लागलं, जशी पावसाळ्याच्या तोंडावर मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याला निघालेली लाँच. तिसऱ्या मिनिटाला सुई मोडली. तिचं टोक उडून कुठे गेलं ते महिनाभर कळलं नाही. सासूबाईंचा दुसरा उपाय होता, आत खोबरेल सोडण्याचा. तो मी नम्रपणे नाकारला. खोबरेल डोक्याला ठीक. मशीनमध्ये ते चिकट होतं, धागे-धूळ धरून बसतं, आणि मग ज्या आवाजासाठी घातलं त्याच्या दुप्पट आवाज येतो.

शेवटी पुतण्याला बोलावलं. तो पनवेलला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि आजवर घरातला एक नळही त्याने दुरुस्त केलेला नाही. त्याने आल्या आल्या पेलाभर पाणी मागितलं. मला वाटलं पोरगं तहानलेलं आहे. त्याने पेला टेबलावर ठेवला आणि म्हणाला, “काकी, मशीन चालू कर. हळू.”

मिनिटाला ४०० टाक्यांवर पाण्यात नुसत्या सुरकुत्या होत्या. ६००वर पाणी काठाबाहेर आलं आणि टेबल शेजारच्या भिंतीला टकरा मारायला लागलं. आता ७००वर पूर येणार म्हणून मी फडकं घेऊन उभी, तर पाणी उलट जरा शांत! ६०० टाके म्हणजे सेकंदाला दहा, आणि आमचं घडीचं प्लायचं टेबल सेकंदाला साधारण तेवढ्याच वेळा डुलायच्या स्वभावाचं, असा त्याचा निष्कर्ष होता. झोपाळ्याला त्याच्या लयीत बोटाने जरी ढकललं तरी तो चढत जातो, तसं. मी गेले सहा महिने रोज रात्री नेमका तोच वेग लावून टेबलाला झोके देत होते. पण ७००वर कायमचं राहता येत नाही, कारण वेग दुप्पट झाला तर आतला धक्का चौपट होतो आणि नाजूक जरीचा दोराही तुटतो. तेव्हा ४००. ऑर्डर एक दिवस उशिरा गेली तरी चालेल.

पाणी पुसताना दुसरी गोष्ट कळली. मोराच्या मानेला, जिथे बारीक टाक्यांनी भरायचं असतं, तिथे पेला जवळजवळ गप्प होता. पिसाऱ्याच्या डोळ्यांना लांब टाके, म्हणजे कापड धरलेली अख्खी फ्रेम डावी-उजवी फेकली जाते, आणि फ्रेम वळली की तिचा सगळा झटका टेबलाला. मी हे सहज म्हणून काकांना सांगितलं. त्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे सव्वानऊला टक, टक असं लांब लांब असतं ते पिसं, आणि आधीचं ते कुरकुर मान!” माणसाला शत्रूचं नाव कळलं की निम्मा राग जातो असं दिसलं.

मग आम्ही कामाला लागलो. टेबल भिंतीच्या मधल्या जागेवरून उचलून कोपऱ्यात, खांबाजवळ नेलं, कारण स्लॅब मधोमध जास्त थरथरतो आणि खांबाजवळ कमी. भिंतीपासून चार बोटं सोडली. टेबलाचे नट पिळले, त्यातले दोन नुसते शोभेला होते. एका पायाखाली रद्दीची घडी होती, ती काढून रबराचा तुकडा लावला. आणि खरा मान कडप्प्याला. एका किचन ओट्याच्या कामातून उरलेला, दोन फूट बाय दीड फुटाचा, जाड, अठरा किलोचा. तो टेबलावर, त्याच्याखाली मुलांच्या खेळाच्या त्या रंगीत फोमच्या चटईचे चार चौकोन, आणि कडप्प्यावर मशीन. आमचं मशीन जेमतेम सात किलोचं, म्हणून स्वतःच्याच सुईच्या हिसक्याने नाचायचं. खाली अठरा किलो आल्यावर त्याला नाचणं परवडेना, आणि जे थोडं उरलं ते फोमने गिळलं. आईच्या मशीनला हे ज्ञान जन्मजात होतं. बिडाचा स्टँड, बिडाचं धड, आणि खाली गोणपाट. आईने कडप्प्याचे पैसेही वाचवले होते.

चटईचा ‘क’ आणि ‘ख’चा चौकोन आता मशीनखाली असल्यामुळे धाकट्याची बाराखडी ‘ग’पासून सुरू होते.

सुईखालची पट्टी उघडून साफ करायचं राहिलंच होतं. दोन स्क्रू काढले आणि ब्रश घातला तर बॉबिनच्या खालून करड्या नमद्याची वडी निघाली, बोटाएवढी जाड, दाबून बसलेली. त्यात रविवारच्या नवरीची एक टिकली होती, कुणाच्या तरी बारशाचा गुलाबी दोरा होता, आणि मधोमध, लोण्यात काडी रोवावी तसं, गोधडीवर मोडलेल्या सुईचं टोक. एवढं पोटात घेऊन ते बिचारं काम करत होतं. पुस्तिकेत सांगितलेल्या ठिकाणी तेलाचा एक थेंब टाकला. एकच. दुसरा थेंब पुढच्या ब्लाउजवर उतरतो, तो धडा माझा झालेला आहे.

त्या रात्री नऊला मशीन लावलं आणि मी स्वतः खाली ३०२मध्ये गेले. काकू आमसुलाचं सरबत देत होत्या. आम्ही तिघं त्यांच्या पलंगावर बसून बंद पंख्याकडे बघत होतो. वर पिसारा चालू होता. वाटी गप्प. काका पाच मिनिटांनी म्हणाले, “चालू आहे ना नक्की?” मी मुलाला फोन लावून खात्री केली. चालू होतं. खूप कान दिला तर भिंतीत कुठेतरी मांजर घोरल्यासारखं काहीतरी होतं, आणि तेही काकूंना फ्रिज वाटला.

दोन महिने बेल वाजली नाही. मार्गशीर्षातल्या लग्नांचे मोर, कोयऱ्या, एक गणपती आणि एका हौशी नवरदेवाच्या शेरवानीवरचा वाघ एवढं निर्विघ्न पार पडलं. वाघाची आयाळ मागितली होती. वाघाला आयाळ नसते, हे सांगून पाहिलं. शेवटी घातली.

आणि परवा रात्री सव्वानऊला बेल. दारात काका. पण बनियनवर. मी साखरेच्या डब्याकडे वळणार तेवढ्यात ते म्हणाले, “वहिनी, सुई बदला.”

“काय?”

“कालपासून ऐकतोय. पूर्वी...”

तेवढ्यात वरून विमान गेलं. खिडकीची काच थरथरली, देवघरातली घंटा जराशी हलली. आम्ही दोघंही, पाऊस थांबायची वाट बघावी तसे, दारात उभे राहिलो. काकांनी बोट वर करून ठेवलं होतं, वाक्य हातातून सांडू नये म्हणून. आवाज जुहूच्या दिशेने विरला.

“हां, तर पूर्वी टाका कसा चुक्‌ करून जायचा. आता ठप्‌ करतो. कापड टोचत नाहीये, ठोकतंय.”

मी आत जाऊन सुई काढली आणि नखावरून फिरवली. नखावर चांगली रेघ उमटली. टोक बोथट होऊन वळलं होतं. मी कालपासून तिच्या शेजारी बसून होते आणि मला पत्ता नव्हता. नवी सुई लावली, मशीन चालू केलं. काका दारातच, मान थोडी तिरकी करून उभे होते.

“खाली जाऊन ऐकतो,” म्हणाले, “इथून नीट कळत नाही.”