मार्गज्ञ

मनुष्यजातीचे प्रवासी आणि घरबसे असे दोन स्थूल विभाग पाडून जे विचारवंत निश्चिंत झाले, त्यांनी गोंदिया शहर डोळसपणे पाहिलेले नसावे असे मला नेहमी वाटते. कारण या शहरात एक तिसराही वर्ग सुखाने नांदतो, ज्याला जाण्याची फारशी हौस नाही आणि राहण्याचा कंटाळा नाही, परंतु अन्य कोणी कोठेतरी जाणार असल्याची वार्ता कानी पडताच ज्याच्या चर्येवर, दीर्घकाळ रिकाम्या बसलेल्या वैद्याला एकाएकी नाडी सापडावी तसे, तेज चढते. या वर्गातील पुरुषाला मी मार्गज्ञ म्हणतो. आणि तो बहुधा पुरुषच असतो, कारण प्रवासाच्या आदल्या दिवशी स्त्रियांना दुसरी कामे असतात. कोठे जावे हे मार्गज्ञ सांगत नाही. तो विषय त्याला क्षुल्लक वाटतो. कसे जावे, कोठे उतरून कोठे चढावे, आणि तुम्ही मनाशी योजलेला मार्ग कसा सर्वस्वी अनर्थकारक आहे, एवढेच तो सांगतो. मात्र तेवढे सांगण्यास त्याला एक संपूर्ण सायंकाळ आणि तीन वेळा चहा लागतो.

हे पीक गोंदियातच एवढे जोमाने का यावे, याचे कारण शोधावयास फार खोल जावे लागत नाही. हावडा-मुंबई लोहमार्गावरचे हे जंक्शन. बंगाल-नागपूर रेल्वेच्या अमदानीपासून येथून एक लाईन सातपुडा चढून जबलपूरकडे जाते आणि दुसरी झाडीपट्टीतून चांदाफोर्टकडे उतरते, त्यामुळे फलाटावर उभ्या राहिलेल्या बालकाला अक्षरओळख होण्यापूर्वीच दिशाओळख होते. तथापि दिशा अनेक असल्या तरी प्रत्येक दिशेला वाट एकच होती. मुंबईस जावयाचे म्हणजे आगगाडीने जावयाचे. प्रश्न उरे तो एवढाच, की बसावयास बाक मिळेल की दाराशी ट्रंकेवर रात्र काढावी लागेल. निवड नावाची चैन ठाऊक नसलेल्या या गावाच्या अंगणात गेल्या काही वर्षांत ती चैन एकाएकी ढिगाने येऊन पडली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सरकारने कामठ्याजवळ बिरसी येथे जी धावपट्टी बांधली, तिच्यावर आधी शिकाऊ वैमानिकांच्या घिरट्या सुरू झाल्या, मार्च २०२२ मध्ये इंदूर-हैदराबादकडे प्रवासी विमान उडाले, ते काही महिन्यांतच थांबले आणि डिसेंबर २०२३ मध्ये हैदराबाद-तिरुपतीचे दुसरे आले. इकडे नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरांचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पुरा झाला. नव्या श्रीमंतीला खजिनदार लागतो, आणि वाटांच्या या नव्या श्रीमंतीचा स्वयंनियुक्त खजिनदार म्हणजे आमचा मार्गज्ञ.

आमच्या गल्लीतील मार्गज्ञाला सर्वजण भाऊजी म्हणतात. तहसील कचेरीत नाझर म्हणून हयात घालवून ते सेवानिवृत्त झाले. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला तेव्हा दफ्तरांची जी वाटणी झाली, तिच्यात त्यांनी तनमनाने भाग घेतला होता, आणि तेव्हापासून कोणत्याही गोष्टीचे दोन भाग करून प्रत्येकाची स्वतंत्र मिसल बांधल्यावाचून ती गोष्ट त्यांच्या गळी उतरत नाही. सदऱ्याच्या खिशात दोन पेने असतात. निळे मसुद्यासाठी आणि तांबडे शेऱ्यासाठी. मोबाइलवर जगातील सर्व गाड्या आणि विमाने धावताना दिसतात हे त्यांना मान्य आहे, किंबहुना ते दिवसाचा बराचसा वेळ ती धावताना पाहण्यातच घालवितात. परंतु जी माहिती वहीत उतरली नाही ती सरकारदरबारी रुजू झाली नाही, अशी त्यांची श्रद्धा आहे.

यंदाच्या हिवाळ्यात भाऊजींच्या हाती त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठे प्रकरण आले. गल्लीतील सेवानिवृत्त मुख्याध्यापक गुरुजी यांच्या पुण्यातील चिरंजीवांनी आईवडिलांच्या विवाहाच्या चाळिसाव्या वाढदिवसाप्रीत्यर्थ मुंबईहून गोव्यास जाऊन परत येणाऱ्या क्रूझची तिकिटे धाडली, आणि ८२ वर्षांच्या आजींना घरी एकटे कसे ठेवावे म्हणून तिसरे तिकीट त्यांचेही काढले. ज्या जिल्ह्यात मालगुजारी तलावांची मोजदाद करता करता कारकून थकतात आणि ज्यात सिंगाड्याच्या डोंग्याहून मोठे जलयान सहसा दृष्टीस पडत नाही, त्या जिल्ह्यातील तीन माणसे समुद्रावर निघाली, ही वार्ता सकाळी कळली. सायंकाळी भाऊजी वहीसह गुरुजींच्या ओसरीवर हजर होते. वहीच्या पहिल्या पानावर ‘मौजे गोंदिया ते बॅलार्ड पियर, मुंबई’ असे शीर्षक, खाली दोन पोटमिसली: निर्गमनाचा विमानतळ आणि आगमनाचा विमानतळ.

निर्गमनाची चौकशी प्रथम निघाली. बिरसीचा विमानतळ घरापासून अर्ध्या तासावर. परंतु तेथून हैदराबादेस जावे, तेथे विमान बदलावे आणि मग मुंबई गाठावी, असा तो द्राविडी प्राणायाम होता. गुरुजींनी तसे भीतभीत सुचविताच भाऊजींनी त्यांच्याकडे अशा करुणेने पाहिले, की बिरसी हा सोयीचा नव्हे तर जिल्ह्याच्या अस्मितेचा प्रश्न आहे हे त्यांना उमगले. त्यानंतर रायपूर आले. पश्चिमेस जावयाचे असता आधी पूर्वेस परराज्यात जाणे वरकरणी विचित्र दिसले, तरी पर्याय नोंदविल्यावाचून तजवीज पुरी होत नाही, सबब तोही नोंदविण्यात आला. जबलपूरपुढे तांबड्या शाईने ‘नामंजूर, परंतु विचारार्ह’ असा शेरा पडला. अखेरीस नागपूरचे सोनेगाव. तेथून मुंबईस थेट विमाने आहेत, आणि उडाल्यापासून उतरेपर्यंत फार तर दीड तास. आता गोंदियाहून नागपूरला जावे कसे, तर भंडाऱ्यावरून मोटारीने गेल्यास आजींची कंबर धरेल, म्हणून दुपारच्या विदर्भ एक्स्प्रेसने जावे, सायंकाळी नागपूरला उतरावे आणि रात्रीचे विमान पकडावे. ज्या गाडीतून विमान पकडण्यासाठी उतरावयाचे ती गाडी पुढे मुंबईलाच जाते, ही गोष्ट मजकुरात कोठेही आली नाही.

आगमनाच्या मिसलीने दुसरी सायंकाळ घेतली. मुंबईला विमानतळ एक होता तोवर भाऊजी काहीसे खिन्नच असत. परंतु ८ ऑक्टोबर २०२५ या एकाच दिवशी नवी मुंबईच्या विमानतळाचे आणि कफ परेडपर्यंतच्या भुयारी मेट्रोच्या शेवटच्या टप्प्याचे उद्घाटन झाले. त्या दिवशी त्यांनी गल्लीत पेढे वाटले असे लोक सांगतात. मी पेढा खाल्ला आहे, म्हणून नाकबूल करीत नाही. नवी मुंबईस उतरावे तर अटल सेतू हाती लागतो; लांबी २१.८ किलोमीटर, पैकी सुमारे साडेसोळा किलोमीटर समुद्रावरून, म्हणजे जहाजात पाऊल टाकण्यापूर्वीच समुद्रप्रवासाचा काही अंश वसूल. मात्र त्या सेतूवर रिक्षाला मज्जाव आहे, आणि सांताक्रूझला उतरले तरी रिक्षा दक्षिण मुंबईत शिरू शकत नाही, सबब दोन्हीकडून टॅक्सी. टॅक्सीवाल्याला नुसते ‘बंदर’ म्हणावयाचे नाही. तो भाऊच्या धक्क्याला नेऊन सोडील आणि तेथल्या लाँचीत बसल्यास गोव्याऐवजी रेवस किंवा मोरा पदरी पडेल. ‘बॅलार्ड पियर, ग्रीन गेट, क्रूझ टर्मिनल’ असे त्रिवार सांगावयाचे. टॅक्सीवर विश्वास नसल्यास सांताक्रूझच्या विमानतळाखालून मेट्रो घ्यावी आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला वर यावे.

या सर्व तपशिलात भाऊजींनी एक गोष्ट मात्र अशी सांगितली, की जिच्यासाठी तीन काय तीस वेळा चहा द्यावा. कोणत्याही वाटेने जा, ते म्हणाले, पण जहाज ज्या दिवशी सुटते त्याच्या आदल्या दिवशी मुंबईत असा. विमान चुकले तर पुढचे विमान असते, गाडी चुकली तर पुढची गाडी असते. जहाज चुकले म्हणजे फक्त धक्का शिल्लक राहतो. तिकिटावर सुटण्याची वेळ सायंकाळची असली तरी खिडकी त्याच्या कितीतरी आधी बंद होते, ओळखपत्र हाती ठेवावे, आणि खाद्यपदार्थ जहाजावर नेऊ देत नाहीत. हे अखेरचे वाक्य ऐकून गुरुजींच्या पत्नींनी लाडूंच्या डब्याकडे आणि आजींनी चिन्नोर तांदळाच्या पुरचुंडीकडे पाहिले, आणि इतका वेळ भिंतीला टेकून जपमाळ ओढीत बसलेल्या आजी प्रथमच बोलल्या.

‘‘अन् आपली विदर्भ मुंबईले जिथं थांबते, तिथून थे बंदर किती दूर हाय, भाऊ?’’

ओसरीवर शांतता पसरली. भाऊजींनी मोबाइल काढला, पुन्हा खिशात ठेवला, पुन्हा काढला. अंतर दोन किलोमीटरांच्या आत भरले. ज्या टर्मिनसला हैदराबादवरून, रायपूरवरून, सांताक्रूझवरून आणि जमिनीच्या पोटातून अखेर पोहोचावयाचे होते, त्या टर्मिनसला गोंदियाच्या फलाटावरून दुपारी निघालेली गाडी रात्रभर झोपू देऊन सकाळी आपण होऊन नेऊन सोडते, आणि तेथून बॅलार्ड पियर म्हणजे टॅक्सीवाल्याने भाडे नाकारावे इतके जवळ, हे उघड होताच भाऊजींच्या मुखावर जी छटा उमटली ती पराभवाची नव्हती. ती दुखावल्याची होती. मार्ग चुकीचा असता तर त्यांनी तो दुरुस्त केला असता, लांबचा असता तर तोडला असता. परंतु इतका सरळ मार्ग, की ज्यात सांगण्यासारखे काहीच उरत नाही, तो त्यांना आपल्या पेशाचा उपमर्द वाटला.

तथापि ज्याने कचेरीत अनेक साहेब पचविले त्याला एक म्हातारी पचविणे कठीण नव्हते. चहाचा तिसरा पेला रिता होण्यापूर्वीच भाऊजी सावरले आणि त्यांनी इतिहासाचा आधार घेतला. बॅलार्ड पियर आणि आगगाडी यांचे सख्य जुनेच, ते म्हणाले. अलेक्झांड्रा गोदी, जी आता इंदिरा गोदी झाली, तिच्या खोदाईतल्या मातीचा भराव टाकून हा सारा परिसर उभा राहिला, आणि तेथे धक्क्यावरच बॅलार्ड पियर मोल नावाचे स्थानक होते. विलायतेहून आलेला साहेब बोटीतून उतरे तो तडक आगगाडीत बसे. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल अशा उतारूंना घेऊन तेथून पेशावरपर्यंत जाई. ‘‘म्हणजे लोहमार्गच इष्ट, हे मी पहिल्यापासून म्हणतो आहे,’’ असा समारोप करून त्यांनी नव्या पानावर विदर्भ एक्स्प्रेसचे नाव निळ्या शाईने लिहिले, आणि त्यापुढे तांबड्या शाईने शेरा मारला: ‘सदरहू पर्याय या कार्यालयाने स्वतःहून सुचविला.’ आजी पुन्हा जपमाळेकडे वळल्या होत्या. त्यांनी हरकत घेतली नाही.

अशा माणसाची थट्टा करणे सोपे आहे, आणि मी ती करीतच आहे. परंतु ती करताना नकाशाकडेही एकदा पाहावे. मुंबईकराच्या लेखी प्रवास म्हणजे निघणे. राज्याच्या पूर्व टोकाला, राजधानीपासून सुमारे हजार किलोमीटरांवर राहणाऱ्याच्या लेखी प्रवास म्हणजे पोहोचणे. मुलाखत असो, इस्पितळ असो, मंत्रालयातील तारीख असो, आम्हांस सदैव ठरलेल्या वेळेस, परक्या गावी, अंघोळ करून उभे राहावयाचे असते, आणि वाटेत एखादी गाडी रखडली की वर्षाची मेहनत रखडते. ही धास्ती ज्याच्या त्याच्या घरी रात्री पाठ टेकू देत नाही. मार्गज्ञ ती घरोघरहून गोळा करतो, वहीत उतरवितो आणि स्वतः जागा राहतो. त्याबद्दल तो छदामही घेत नाही. त्याची फी वेगळीच असते, आणि ती कोणती हे गुरुजींच्या प्रवासाने मला कळले.

गुरुजी सहकुटुंब निघाले. अर्थात जहाजाच्या आदल्या सकाळी मुंबईत उतरण्याच्या बेताने. भाऊजी फलाटावर आले, डबा कोठे लागेल ते त्यांनी हमालांस समजावून सांगितले आणि गाडी सुटल्यावर घरी येऊन मोबाइल उघडून बसले. एका डोळ्याने त्यांनी विदर्भ एक्स्प्रेस पाहिली आणि दुसऱ्याने नागपूर-मुंबई रात्रीचे विमान, ज्यात त्यांच्या ओळखीचे कोणीही नव्हते. सकाळी मुंबईत गुरुजींचा मोबाइल वाजला. सुखरूप पोहोचलात का, असे भाऊजींनी विचारले नाही. ‘‘रात्रीचं विमान पाऊण तास उशिरा उतरलं,’’ एवढेच ते म्हणाले, आणि त्यांच्या स्वरात असा निर्मळ आनंद होता, की स्थानकाबाहेर टॅक्सीच्या रांगेत उभे असलेले गुरुजीही क्षणभर त्या आनंदात सहभागी झाले. निवडलेला मार्ग सुखाचा निघाला यात मार्गज्ञाला विशेष सुख नसते. ते उतारूने भोगावे. न निवडलेल्या मार्गावर कोणीतरी कोठेतरी खोळंबून राहिले, हे त्याचे वेतन, आणि ते त्याला जवळजवळ नित्य मिळते, कारण या देशात वाटा कितीही वाढल्या तरी त्यांपैकी एखादी तरी उशिराने चालत असतेच.

जहाज दुसऱ्या दिवशी सायंकाळी सुटले. किनारा मागे पडताच गुरुजींचा मोबाइल मुका झाला, आणि त्याच रात्री भाऊजी वही घेऊन माझ्याकडे आले. जहाज सकाळी धक्क्याला लागणार. विदर्भ एक्स्प्रेस टर्मिनसवरून सायंकाळी निघणार. मध्ये एक अख्खा दिवस रिकामा. एवढ्या वेळात अटल सेतूवरून नवी मुंबई, तेथून विमानाने नागपूर, किंवा सांताक्रूझहून रायपूर, फार काय समृद्धी महामार्गाने मोटार केली तरी हरकत नाही, असे सांगत त्यांनी परतीची स्वतंत्र मिसल उघडली आणि निळे पेन झरझर चालू लागले. मी चहा मागविला. आजी अरबी समुद्रात असल्यामुळे तूर्त सर्व पर्याय मंजूर आहेत.