चारशे वीसला दोन कमी

आमच्या गावात पास्कल नावाचे निदान पाच जण आहेत. एक टेंपो चालवतो, एकाची केळीची वाडी आहे, एक आखातातून दर नाताळला चॉकलेटं घेऊन येतो. त्यामुळे हप्तेमामांनी चारचौघांत ‘पास्कल काय म्हणतो, माहीत आहे का?’ असं विचारलं की ऐकणारा काळजीत पडतो. ‘कोण, टेंपोवाला? आता काय म्हणाला?’ मामा डोळे मिटून एक श्वास घेतात. ‘तो नव्हे रे. फ्रान्समधला. १६६२ साली वारला.’ यावर ऐकणारा सवयीनं छातीवर क्रूसाची खूण करतो आणि ‘आजारी होता का?’ असं विचारतो.

हप्तेमामा हे काही त्यांचं बाप्तिस्म्याचं नाव नव्हे. पस्तीस वर्षं त्यांनी वसई पट्ट्यात घरोघर फिरून आयुर्विमा विकला. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं, काखेत रेक्झिनची बॅग. हा माणूस वाडीच्या वाटेवर दिसला की लोक केळीच्या पानाआड होत. आता ते निवृत्त झालेत, लोक अजूनही पानाआडच होतात. कारण बॅगेत आता पास्कल असतो.

प्रत्येक गावात एका पुस्तकाचा माणूस असतो. शंभर पुस्तकं वाचलेल्यांशी वाद घालता येतो, ते कुठे ना कुठे डळमळतात. एकच पुस्तक वीस वर्षं वाचणाऱ्यापुढे काही चालत नाही. मामांचं ते एक पुस्तक चर्चच्या आवारातल्या रद्दीत सापडलं. पेंग्विनची इंग्रजी आवृत्ती, मुखपृष्ठ वाळवीनं निम्मं नेलेलं. शाळेत पास्कलचा नियम शिकलेला, म्हणून मामांना ते पदार्थविज्ञानाचं पुस्तक वाटलं. घरी येऊन उघडलं तर आत देव. पुस्तकाचं फ्रेंच नाव ‘पाँसे’, म्हणजे विचार. मामा त्याला ‘पेन्सीज’ म्हणतात आणि मामी ‘तुमच्या पेन्सिली’.

ब्लेझ पास्कलनं हे पुस्तक लिहिलं असं म्हणणंही धाडसाचंच आहे. त्याला ख्रिस्ती श्रद्धेच्या बाजूनं एक मोठा ग्रंथ लिहायचा होता. मोठमोठ्या कागदांवर सुचेल तसं लिहायचं, मग कागद कापून चिठ्ठ्या करायच्या, त्यांना भोकं पाडून दोऱ्यात ओवायच्या, एवढ्यापर्यंत काम आलं आणि वयाच्या ३९ व्या वर्षी तो गेला. चिठ्ठ्यांचं पुस्तक निघालं १६७० मध्ये. तेव्हापासून विद्वान त्या चिठ्ठ्या नव्यानं लावताहेत आणि प्रत्येकाचे क्रमांक वेगळे. मामांना या ग्रंथरचनेत काहीच नवल वाटलं नाही. त्यांच्या घरी भिंतीला एक आकड्याची तार आहे, तिच्यात तीस वर्षांच्या पावत्या टोचलेल्या आहेत. आता त्या पावत्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मामांचे स्वतःचे विचार असतात. मधूनच एखादी चिठ्ठी मामींच्या हाती लागते. मग श्रद्धा आणि बुद्धी यांच्या संबंधाखाली अर्धा किलो तूरडाळ येते.

मामांच्या प्रतीत ४१८ क्रमांकाचा विचार आहे, तो म्हणजे जगप्रसिद्ध पैज. मामा तिला नुसतं ‘चारशे अठरा’ म्हणतात. ‘चारशे अठरा ऐकवतो,’ म्हणाले की नाक्यावरची पोरं म्हणतात, ‘मामा, चारशे वीसला दोनच कमी पडले.’ विमा विकलेल्या माणसाला हा विनोद नवा नसतो.

पैज अशी. देव आहे की नाही, याचा निकाल बुद्धीनं लागत नाही. पण खेळायचं नाही म्हणायची सोय नाही, जन्मलात तेव्हाच डाव सुरू झाला. तेव्हा हिशेब करा. देव आहे असं धरून चाललात आणि तो निघाला, तर मिळकत अनंत. नाही निघाला, तर गेलं काय? चार दिवसांची मौजमजा. मर्यादित रकमेवर अमर्याद परतावा. इथवर आलं की मामांच्या आवाजात जुना धंदा उतरतो. ‘आणि मेडिकलसुद्धा नाही!’

यात हसण्यासारखं आहे, पण मामा चुकीचं बोलत नाहीत. १६५४ च्या उन्हाळ्यात पास्कल आणि फर्मा या दोन गणितज्ञांची पत्रापत्री झाली. जुगाराचा डाव अर्धवट मोडला तर पैसे कसे वाटायचे, हा प्रश्न होता. त्या पत्रांतून संभाव्यतेचं गणित उभं राहिलं आणि त्या गणितावर पुढे विम्याचा धंदा. म्हणजे मामांच्या पस्तीस वर्षांच्या कमिशनचं मूळ पॅरिसमधल्या जुगाऱ्यांपर्यंत पोचतं. हे कळलं त्या दिवशी मामांनी मिस्सासाठी पैसे दिले. कुणासाठी, असं फादरांनी विचारलं. ‘ब्लेझसाठी.’ फादरांनी मुकाट लिहून घेतलं.

वादात मामांना हरवणारा एकच निघाला, मामींचा भाचा. इंजिनीयर, रोज विरारची गर्दी अंगावर घेणारा, म्हणून कशालाच न घाबरणारा. तो म्हणाला, ‘मामा, आपल्याकडे इथे चर्च, पलीकडे देऊळ, स्टेशनच्या वाटेवर दर्गा. पैज लावायची कुणावर?’ हा आक्षेप जुना आहे. अठराव्या शतकात फ्रेंच विचारवंत दिदरोनं हीच खोच काढली होती, की असाच युक्तिवाद एखादा इमामही करू शकेल. मामांनी दिदरो वाचला नव्हता. त्यांनी पॉलिसी वाचल्या होत्या. ‘नॉमिनी एकच लिहावा, भांडणं होत नाहीत.’ भाचा म्हणाला, ‘हल्ली चार लिहिता येतात. टक्केवारीसकट.’ मामा त्या दिवशी जेवले नाहीत. मामींनी मात्र भाच्याला दुसऱ्यांदा वाढलं.

बाकी पास्कलचं काहीही मामांना वर्ज्य नाही. १६६२ च्या मार्चमध्ये पॅरिसात ठरलेल्या मार्गांवर, ठरलेल्या वेळांना, पाच सूला तिकीट अशा घोडागाड्या धावू लागल्या. ती कल्पना पास्कलची. म्हणून बसमध्ये चढताना मामा दांड्याला हात लावून नमस्कार करतात आणि मागच्या बाईची पिशवी अडकते. हवेचा दाब डोंगरावर कमी होतो का, हे बघायला पास्कल स्वतः पॅरिसात बसून राहिला आणि १६४८ मध्ये त्यानं पाऱ्याची नळी घेऊन मेव्हण्याला पुय द दोमवर चढवलं. पारा सुमारे ३ इंच उतरला. ही गोष्ट मामा विज्ञानाची म्हणून सांगत नाहीत, संसाराची म्हणून सांगतात. ‘बुद्धी कशाला म्हणतात? डोंगर मेव्हण्यानं चढायचा!’ सांगताना आधी मामी आत आहेत ना, ते बघतात.

एकदा त्यांनी मला ते पुस्तक दोन दिवस वाचायला दिलं. देताना दोन पॉलिसींची आठवण केली, पण ते असो. ४१८ च्या पानांवर पेन्सिलीच्या खुणाच खुणा होत्या. पण त्या खुणा गणितापाशी थांबत होत्या. पुढचा मजकूर कोरा करकरीत. मी तो वाचला. गणित पटल्यावर समोरचा माणूस म्हणतो की सगळं बरोबर आहे, पण माझा स्वभावच असा, की विश्वास बसत नाही, मी काय करू? इथे पास्कल दुसरं गणित मांडत नाही. विश्वासणारे करतात तसं कर म्हणतो, पवित्र पाणी घे, मिस्सा ऐक, सवयीनं जमेल. एवढा मोठा गणिती, आणि शेवटी हात धरून चर्चच्या दाराशी नेऊन सोडतो. पुढचं देवाची कृपा. त्या कृपेवरून तर त्याचं जेझुइटांशी जन्माचं वाकडं झालं होतं.

मी मामांना ते दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं. आतून मामींच्या रोजरीचा आवाज येत होता, मधेच कुकरची शिट्टी, मग पुन्हा ‘नमो मरिये’. मामा हळूच म्हणाले, ‘हिनं हे न वाचताच केलं की.’ मग पुस्तक मिटून म्हणाले, ‘पण हिला गणित येत नाही.’

तेव्हापासून ते तेवीस नोव्हेंबर पाळू लागले असावेत, असा माझा अंदाज. त्याच तारखेच्या रात्री, १६५४ मध्ये, साधारण साडेदहा ते साडेबारा पास्कलला काहीतरी झालं. काय झालं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही, घाईघाईनं कागदावर उतरवलं. त्यात अग्नी आहे, आनंद आहे, अश्रू आहेत. युक्तिवाद औषधालाही नाही. कागद त्यानं कोटाच्या अस्तरात शिवून टाकला, कोट बदलला की उसवून पुन्हा शिवला. मेल्यावर नोकराला अस्तर जाड लागलं, तेव्हा कळलं. मामांनीही एकदा शर्टाच्या आत कागद शिवून घेतला होता. तो वॉशिंग मशीनमधून लगदा होऊन निघाला. काय लिहिलं होतं, असं विचारलं तर म्हणाले, ‘अजून काही नव्हतं. जागा करून ठेवली होती.’

गेल्या तेवीस नोव्हेंबरला मी त्यांच्याबरोबर ओटीवर बसलो. आरामखुर्ची, पायाशी मच्छर अगरबत्ती, गुडघ्यावर कोरी पावती, हातात पेन, टोपण काढलेलं. साडेदहाला मामांनी बोलणं बंद केलं. हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. अकरा वाजले. बावखलात काहीतरी डुबुक झालं, मामा सावरून बसले. बेडूक असावा. पावणेबाराला पेन हातातून गळलं, मी उचलून दिलं. ‘जागा आहे मी,’ म्हणाले. साडेबाराला त्यांनी घड्याळ पाहिलं, टोपण लावलं.

दारात मामी उभ्या होत्या, शाल घेऊन.

‘आलं का काही?’

‘नाही.’

‘तारीख टळली?’

‘साडेबारा झाले.’

‘मग तीस दिवसांचा ग्रेस पीरियड असतो ना?’ मामी म्हणाल्या. ‘गावभर सांगत फिरायचात.’

मामांनी बोटांच्या पेरांवर मोजलं. ‘तेवीस डिसेंबर,’ म्हणाले, आणि मच्छर अगरबत्ती विझवून आत गेले. खुर्ची तशीच बाहेर ठेवून.