साखरेच्या कपाटाची साक्ष

महापालिकेच्या नावात कुपवाड सांगली-मिरजेच्या मागून येतं. नवी गोष्टही इथं तिसऱ्या नंबरानंच पोचते, अशी आमची जुनी समजूत. ती मोडायची म्हणून नव्हे, आई एकटी राहते म्हणून मी पुण्याहून सेन्सर आणले.

कॅमेऱ्याला तिनं आधीच नकार दिला. "मी काय बँक हाय का?" मग साधीच वस्तू घेतली. दाराच्या चौकटीवर काचेच्या नळीतल्या दोन पातळ पट्ट्या, दारावर लोहचुंबक. दार मिटलं की पट्ट्या चिकटतात, उघडलं की सुटतात. सोप्यात एक डबी, तिला अंगाची ऊब सरकलेली कळते. 2004 साली छापून आलेल्या एका अभ्यासासाठी अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी एकेकट्या राहणाऱ्या दोघींच्या घरांत असलेच साधे सेन्सर बसवले होते. तिशीतल्या बाईकडे 77, ऐंशीच्या आजींकडे 84. कपाटं-दारं कधी हलतात त्यावरून बाई काय करते हे ओळखायचं. आमच्याकडे सगळे मिळून तीन.

एका दुपारी मोबाइलवर निरोप आला : दोन तास हालचाल नाही. आई फोन उचलेना. घाबरून शेजारच्या काकूंना लावला.

"आरं, शेंगा फोडत बसल्यात की! टीव्ही मोठ्यानं लागलाय, तुझा फोन कुठला ऐकू येतोय!"

नुसती बोटं हलवत बसलेलं माणूस त्या डबीच्या हिशेबात घरात नसतंच. काकूंना मात्र कुकरच्या शिट्ट्यांवरून आमच्याकडे पाहुणे किती आलेत तेही कळतं, आणि त्यांची बॅटरी उतरलेली मी आजवर पाहिली नाही.

तिसरा सेन्सर साखरेच्या कपाटाला. डॉक्टरांनी गोड कमी करायला सांगितलेलं. तीन आठवडे कपाट बंद! आईच्या निग्रहाचं कौतुक मी ऑफिसात चार जणांना सांगितलं. (एकानं स्वतःची साखर सोडली, असं ऐकतो.)

दिवाळीला गेलो. चहाचा पहिलाच घोट चांगलाच गोड. उठून कपाट पाहिलं, तर चुंबक दारावरून काढून चौकटीवरच्या पट्ट्यांना खेटून चिकटपट्टीनं बसवलेला. दार सताड उघडं टाकलं तरी मोबाइलवर बंदच.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"अठ्ठावीस वर्सं एमआयडीसीत मोटारींचं वाइंडिंग केलंया. लोहचुंबक मला शिकवतोस व्हय? पी, गार होतोय."